सोसायटीचा खतप्रकल्प बंद पडतो तो का? कमिटीने या चुका टाळा

पहिली चूक मशीनपासूनच सुरू होते. एजीएममध्ये ठराव होतो, कोटेशनं येतात, काही लाखांचं ओडब्ल्यूसी (ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर) मशीन उतरतं. वर्गीकरणाचं नाव कुणी काढत नाही. हे मशीन खत करत नाही. ओला कचरा बारीक करून त्यात भुसा आणि कल्चर, म्हणजे कचरा कुजवणारे जिवाणू, मिसळतं, इतकंच. पुढे तो माल क्रेटमध्ये मुरावाच लागतो. आणि मशीनमध्ये दुधाची पिशवी गेली की पात्यात अडकते. आधी महिनाभर घराघरांतलं वर्गीकरण बसवा, मग कोटेशन मागवा.

आणि सुरुवात कमिटीच्या बादल्यांपासून करा. आमच्याकडे वर्गीकरणाचं पत्रक काढणाऱ्या चेअरमनसाहेबांच्याच ओल्या कचऱ्यात चहाच्या चोथ्याबरोबर कुरिअरचं प्लास्टिक निघालं. कचरा नेणाऱ्या ताईंनी ते मुकाट्याने बाजूला ठेवलं. पण आठवड्यात ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. पत्रक लिफ्टमध्ये लटकतच राहिलं.

या ताईंना न विचारता नियम ठरवणं ही तर मोठीच चूक. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे. कशाला भाव येतो आणि कशाला नाही, हे त्यांच्याइतकं कमिटीला कळत नाही. सुका माल परस्पर भंगारवाल्याला विकून फंड वाढवायची हुशारी करू नका. तो ताईंच्या रोजीचा भाग आहे.

वास सुटला की फिनेल ओतू नका, कामाचे जिवाणू मरतात. वास म्हणजे बहुधा पाणी जास्त, हवा कमी. मूठभर माल पिळून बघा. पाणी टपकलं तर पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) मिसळून ढीग वरखाली करा. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा. ओलसर लाडू वळला की जमलं. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही, म्हणून उन्हाळ्याआधी झडलेली पानं माळ्याला जाळू न देता पोत्यांत भरून ठेवा. अळ्या झाल्या तर त्याच पाल्याचा जाड थर द्या. त्या कचरा खाऊन आपलं कामच करतात, पण हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पटवणं मला अजून जमलेलं नाही.

शेवटचं, वही ठेवा. किती बादल्या आल्या, ढीग कधी उलटला, कल्चर कुठून आणलं, सगळं वॉचमनच्या केबिनमध्ये लिहिलेलं असू द्या. सेक्रेटरी बदलले तेव्हा आमचा प्रकल्प चार महिने बंद होता, कारण कल्चरवाल्याचा नंबर फक्त त्यांच्याच मोबाइलमध्ये होता.