लाईन हवा धरते तेव्हा

"मोटर नवी घातली, पाणी मात्र बोटभर. जरा बघून जावा." उन्हाळा लागला की असे फोन सुरू होतात. पलूस तालुक्यात कृष्णाकाठावरनं माळावर पाण्याच्या पाइपलाईनी टाकायचं काम मी वीस वर्षं करतोय. असा फोन आला की मी मोटरीकडं जातच नाही. लाईनीच्या कडेकडेनं चालत सुटतो, कुठं चढ आहे, कुठं ओढा आहे ते बघत.

लाईट गेली की पाइपातलं पाणी उताराला लागतं आणि रिकाम्या जागेत हवा शिरते. पुन्हा मोटर चालू केली तरी ती सगळी निघत नाही. उंचवट्यावर जमते आणि पुढच्या उतारात अडकून बसते. वर हवा, तळातनं पाण्याची नुसती धार.

गवंड्याची लेव्हल नळी आठवा. नळीत बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही. लाईनीतही तेच. उतारात जेवढी उभी उंची हवेनं भरली, तेवढं हेड, म्हणजे पाणी वर चढवायची उंची, मोटरीला जादा द्यावं लागतं. तीन उंचवटे असले आणि प्रत्येकामागं ३ मीटर हवा असली, तर ९ मीटर हेड गेलं. कागदावरच्या हिशेबात हे धरलेलंच नसतं, म्हणून माणूस मोठी मोटर आणतो आणि तीही रडते.

तर प्रत्येक उंचवट्यावर, माथ्याच्या किंचित पुढं पाण्याच्या दिशेला, सॅडल (पाइपावर आवळायची पकड) मारून एअर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडायचा व्हॉल्व्ह, बसवा. ११० मिमीच्या लाईनीला मी एक इंची घालतो. तो उभाच पाहिजे, आणि त्याच्याखाली पाणी बंद करायला एक कॉक पाहिजे, कारण गाळानं आतला गोळा चिकटतो, वर्षातनं एकदा तरी उघडून धुवावा लागतो.

लाईन भरताना घाई नको. ११० मिमीच्या हजार मीटर लाईनीत साधारण ८,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढीच हवा बाहेर पडायची असते. मोटरीजवळचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवा, पाऊण तास जाऊ द्या. हवा काढायला वेगळा ठेवलेल्या कॉकजवळ उभं राहिलं की आधी कोरडी हवा येते, मग फुरफुर करत थुंकतं, मग दुधासारखं पांढरं पाणी. तो पांढरेपणा बारीक बुडबुड्यांचा. पाणी नितळ झालं की कॉक सावकाश बंद करा.

घाई का नको, ते मी पहिल्याच वर्षी शिकलो. दोन इंची कॉक सताड उघडला होता, मोटर पूर्ण जोरात. हवा शिट्टी मारत निघाली आणि मागनं आलेलं पाणी असं आदळलं की बेंडचा सॉकेट फुटून उसाच्या सरीत तळं झालं. हवा दबते, पाणी दबत नाही.

हवा काढूनही रोज परत येत असेल, तर ती सक्शनकडनं, म्हणजे मोटर पाणी ओढते त्या बाजूनं, येतेय. नदी उतरली की फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह) उघडा पडायला लागतो. तो निदान दोन-तीन फूट बुडालेला पाहिजे. सक्शनची गळती दिसत नाही, कारण तिथनं पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मी चालू मोटरीच्या सांध्यांजवळनं पेटती उदबत्ती फिरवतो. मागच्या महिन्यात एका काकींनी विचारलं, "मोटरीची पूजा घातलीस काय रं?" तेवढ्यात ग्लँडपाशी, म्हणजे पंपाचा दांडा दोरा भरून बंद करतात तिथं, धूर सुतासारखा आत ओढला गेला. म्हटलं, "काकी, दोरा बदलायचाय."