तोंडातली गाठ: या चुका टाळा

तोंडातल्या गाठीबाबत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखण्यावरून तिचा अंदाज बांधणं. तोंड येतं तेव्हा पाणी पितानाही जीव नकोसा होतो, पण ते व्रण बहुतेक वेळा सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतात. कर्करोगाची सुरुवात मात्र बरेचदा अजिबात दुखत नाही. त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग असू दे’ हा हिशेब इथे उलटा पडतो. दुखण्यापेक्षा तीन गोष्टी बघा: गाठ नेमकी कुठे आहे, हाताला मऊ लागते की कडक, आणि किती दिवसांपासून आहे.

बघण्याआधी हात धुवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गाल बोटाने बाजूला ओढून आरशात नीट पाहा. दुसऱ्या बाजूलाही तसंच दिसत असेल तर ती बहुधा तुमच्या तोंडाची मूळ रचनाच असते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर जो छोटा उंचवटा लागतो, तिथे लाळेची नळी उघडते. जिभेच्या अगदी मागे ओळीने आठ-दहा गोल उंचवटे दिसतात, ते सगळ्यांनाच असतात. ओठांच्या आत पिवळसर बारीक दाणे दिसले तर त्या तेलग्रंथी असतात. टाळूच्या मधोमध हाडासारखा कडक उंचवटा वर्षानुवर्षं तसाच असेल तर ते हाडच असतं. यातलं काहीही ब्रशने घासू नका, नखाने खरवडू नका. धक्के खात भरलेल्या लोकलमधून घरी येताना गाल चावला गेला आणि संध्याकाळी तिथे फुगवटा आला, तर तोही तीन-चार दिवसांत बसतो.

खालच्या ओठाच्या आत निळसर, पाण्याने भरल्यासारखा मऊ फोड आला की पुष्कळ लोक तो सेफ्टी पिनने फोडतात. ओठ चावला गेल्याने लाळेची बारीक नळी फाटते आणि लाळ आतल्या आत साचते, तोच हा फोड. फोडला की चिकट पाणी निघतं, फोड बसतो आणि काही दिवसांनी पुन्हा भरतो, कारण नळी फाटलेलीच राहते. वर पिनेचा जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. वारंवार येत असेल तर दंतवैद्य जागा बधिर करून त्याच्याबरोबर ती छोटी ग्रंथीही काढतात.

हिरडीवरच्या पुळीची मात्र सविस्तर गोष्ट सांगायला हवी, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. किडलेल्या दाताची नस मरते, मुळाच्या टोकाशी पू साचतो आणि हाड पोखरून हिरडीवर तोंड काढतो. पुळी फुटली की दाब उतरतो, ठणका थांबतो आणि माणूस समजतो की बरं झालं. मुळाशी पू तसाच असतो. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून तीन दिवस घेतलं तरी फरक तात्पुरताच पडतो, कारण मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्तपुरवठाच नसतो, तिथे औषध पोचणार कसं? मुळाशी जाणारे उपाय दोनच, रूट कॅनाल किंवा दात काढणं. कोणता, ते एक्स-रे पाहून ठरतं. गालावर बाहेरून गरम शेक देऊ नका, पू बाहेरच्या बाजूला सरकून गालावर तोंड काढू शकतो. आणि जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडता न येणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

घरगुती उपायांत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कामाच्या आहेत: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, तीस सेकंद तोंडात फिरवून थुंकायचं. चुना लावणं, दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवणं, नुसतं लवंगाचं तेल चोळणं हे टाळा. यांनी कातडी भाजते, पांढरा पट्टा उमटतो आणि मूळ आजार झाकला जातो, डॉक्टरांनाही मग ओळखणं अवघड जातं. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश वापरत असाल तर ते ब्रशनंतर लगेच नको, अर्ध्या तासाने घ्या, नाहीतर टूथपेस्टमुळे त्याचं काम कमी होतं. दोन आठवड्यांहून जास्त ओढू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. तोंड वारंवार येत असेल तर ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन, बी-12 आणि लोह तपासून घ्या. गरोदरपणात हिरडीवर लाल, लगेच रक्त येणारी गाठ येऊ शकते. ती बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ओसरते, पण दंतवैद्याला दाखवून ठेवा.

आता तंबाखू, मिश्री, मावा, सुपारी. ज्यांच्या तोंडात हे रोज जातं त्यांनी ती नेहमीची जागा, म्हणजे खालच्या ओठामागची किंवा गालाची खाच, दर महिन्याला बोटाने चाचपून पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा जो पुसून जात नाही, कडक कडांची जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेतली गाठ, जीभ किंवा ओठ बधिर होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. सुपारीने आणखी एक गोष्ट होते: तिखट झोंबायला लागतं, गाल पांढरे-ताठ पडतात आणि तोंड हळूहळू कमी उघडतं. तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. आधी सहज जात होती आणि आता अडत असतील तर सुपारी आजच बंद करा आणि तपासून घ्या. आधीच ताठ झालेला गाल पूर्ववत होणं अवघड असतं, पण पुढचं थांबवता येतं. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत, पण मिश्रीही तंबाखूच आहे.

दोन आठवड्यांत न जाणारी कोणतीही गाठ, जखम किंवा चट्टा दाखवायचाच. मुंबईत मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय इथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. तिथून गरज पडल्यास परळच्या टाटा मेमोरियलला पाठवतात. जाताना रोजच्या गोळ्यांची यादी न्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, आणि मधुमेह असेल तर सांगा. गाठ पहिल्यांदा कधी जाणवली ती तारीख लिहून ठेवा, मोबाइलमध्ये तिचा फोटो असेल तर तोही दाखवा, वाढ किती झाली ते त्यावरून कळतं.

बायॉप्सी सांगितली की घरी चर्चा सुरू होते, ‘सुई लावली की पसरतं’. तसं होत नाही. भूल देऊन छोटासा तुकडा काढतात, गरज वाटली तर एखादा टाका घालतात, आणि काम थोड्या वेळात उरकतं. त्या दिवशी थंड-मऊ जेवण घ्या, तंबाखूला हात लावू नका, आणि रिपोर्ट आणायला स्वतः जा.