शनिवार-रविवारची कॅज्युअल शिफ्ट: दुकान धरायचं की वेअरहाऊस?

वीकेंडला दोन कॅज्युअल शिफ्ट (म्हणजे कायमची नोकरी नाही, लागेल तेव्हा बोलावतात) मारायच्यात, दुकानवाले पण घेतायत आणि वेअरहाऊसवाले पण, तर आपण सगळे आधी काय बघतो, ताशी रेट. मी पण तेच केलं आणि फसलो. रेट बघाच हो, पण आधी हा हिशोब घाला: घरातून निघाल्यापासून परत घरी येऊन बूट काढेपर्यंत किती तास गेले आणि त्यातल्या किती तासांचे पैसे मिळाले. वेअरहाऊस बहुतेक गावाबाहेर, शिफ्ट पहाटेची, रविवारी बसगाड्या कमी, मग ८ तासांच्या कामाला जाण्यायेण्यात ३ तास गेले तर मिळालेले पैसे ११ने भागायचे. कागदावर भारी दिसणारा रेट इथंच झोपतो. त्यात बाहेर पडताना तपासणीची रांग, किंवा दुकानात शटर पडल्यावर गल्ला जुळवणं नि आवराआवर, तो वेळ पगारात धरतात का हे आधीच विचारून घ्या, लाजू नका.

आता कामाचं. वेअरहाऊस म्हणजे एकच काम नसतं, त्यामुळे "कुठल्या सेक्शनला टाकणार" हा प्रश्न रेटपेक्षा महत्त्वाचा. पिकिंगला हातात स्कॅनर, स्क्रीनवर रॅकचा नंबर, जा, स्कॅन कर, ट्रॉलीत टाक, पुढचा नंबर, आणि मोठ्या ठिकाणी दिवसाला १०-१५ किलोमीटर चालणं सहज होतं, वर ताशी किती पीस काढले ते सिस्टीम मोजत असते. पॅकिंगला चालणं नाही पण एकाच जागी उभं राहून तेच तेच, खांदे धरतात. लोडिंग-अनलोडिंग सगळ्यात जड, कंबर किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर तिकडे फिरकू पण नका. उचलायचंच असेल तर गुडघ्यात वाका, खोकं अंगाजवळ धरा आणि वळताना कंबर पिळण्यापेक्षा पाय फिरवा. पहिल्याच दिवशी कोणीतरी घाई करेल, करू द्या.

दुकानाचं काम बाहेरून सोपं दिसतं. पण शनिवार-रविवार हेच तिथले सगळ्यात गर्दीचे दिवस, म्हणजे मंगळवारची निवांत दुपार तुमच्या वाट्याला कधी येणारच नाही. बिल हरवलेला माणूस वस्तू परत करायला येतो, मागे रांग लागलेली, तो आवाज चढवतो आणि नियम तुम्ही केलेला नसला तरी ऐकून तुम्हीच घ्यायचं, तेही गोड बोलून. मध्येच रॅक भरा, ट्रायल रूममधले कपडे घड्या घाला, परत काउंटरला पळा. मी एक सीझन असा काढला, पाय ठीक होते पण रविवारी रात्री घरातल्यांशी बोलायची पण ताकद उरायची नाही. गल्ल्यात पैसे कमी भरले तर कोणाच्या माथी, हे पण विचारून ठेवा.

म्हणून माझं मत विचाराल तर, आठवडाभर लोकांशी बोलून डोकं उठत असेल तर वेअरहाऊस बरं, खोकी निदान उलट बोलत नाहीत. आठवडाभर खुर्चीत एकटेच असाल, किंवा नवीन भाषा बोलायची सवय करायची असेल, तर दुकान घ्या. सोमवारी सकाळी परीक्षा किंवा क्लास असेल तर रविवारची रात्रपाळी कुठलीच घेऊ नका, रेट कितीही चांगला असो.

कॅज्युअलमध्ये खरी गोची असते शिफ्ट कॅन्सल होण्याची. वेअरहाऊसला ऑर्डर कमी पडल्या की अर्ध्यातच घरी पाठवतात आणि सेलच्या दिवसांत तेच लोक सारखे फोन करतात. आल्यावर किमान किती तासांचे पैसे नक्की, कॅन्सल करायचं तर किती आधी कळवणार, पगार कंपनी देणार की माणसं पुरवणारी एजन्सी, ही उत्तरं मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. सेफ्टी बूट कोणाच्या खर्चाने ते पण त्यातच.

जमलं तर दोन्हीकडे एकेक शिफ्ट करून बघा. आत गेल्याची, ब्रेकची आणि सुटल्याची वेळ दर वेळी मोबाईलमध्ये टिपून ठेवा आणि पहिली पगाराची स्लिप आली की तास लावून बघा, माझ्या पहिल्याच स्लिपमध्ये दीड तास गायब होता आणि टिपलेलं होतं म्हणून तो परत मिळाला.