वजन घटवण्याची मैत्रीपूर्ण स्पर्धा : गुण देताना या चुका टाळा

अशा स्पर्धांत सर्रास होणारी चूक म्हणजे घटलेल्या किलोंवरून विजेता ठरवणे. १०० किलोच्या व्यक्तीने ५ किलो घटवले आणि ६० किलोच्या व्यक्तीने ३.६ किलो, तर किलोंच्या हिशेबात पहिली व्यक्ती पुढे दिसते. परंतु सुरुवातीच्या वजनाच्या प्रमाणात पाहिल्यास पहिलीची घट ५ टक्के आणि दुसरीची ६ टक्के भरते. म्हणून निकाल टक्केवारीवरच लावावा.

तरीही खरे वाद निर्माण होतात ते वजन घेण्याच्या पद्धतीवरून. शरीरातील पाणी, आहारातील मीठ आणि पोटातील अन्न यांमुळे एकाच व्यक्तीचे वजन दिवसभरात एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. पिष्टमय पदार्थांतील साखर शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि अशा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. त्यामुळे पिष्टमय पदार्थ एकदम कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दिसणारी मोठी घट बव्हंशी पाण्याची असते, चरबीची नव्हे. पहिल्या दिवशी भरपेट जेवून, जाड कपड्यांत काट्यावर उभे राहायचे आणि शेवटच्या दिवशी पाण्याचा घोटही न घेता यायचे, ही क्लृप्ती एकाच मोजणीवर निकाल लावणाऱ्या स्पर्धेत हमखास चालते आणि ती प्रकृतीलाही अपायकारक आहे. त्याऐवजी आरंभी व अखेरीस सलग तीन दिवस सकाळी, शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी, हलक्या कपड्यांत वजन घेऊन त्यांची सरासरी धरावी. प्रत्येकाने शेवटपर्यंत स्वतःचा एकच काटा वापरावा व तो गालिच्यावर न ठेवता सपाट, टणक फरशीवर ठेवावा. मासिक पाळीच्या सुमारास अनेक स्त्रियांचे वजन पाणी साठल्याने तात्पुरते वाढते. स्पर्धा आठ किंवा बारा आठवड्यांची ठेवल्यास नियमित पाळी असणाऱ्यांच्या दोन्ही मोजण्या साधारणपणे चक्राच्या एकाच टप्प्यावर येतात.

सर्वांत वेगाने घटवणाऱ्याला दर आठवड्याला बक्षीस देणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यातून उपासमारीलाच प्रोत्साहन मिळते. आठवड्याला सरासरी १ टक्क्याहून अधिक घटीला गुण देऊ नयेत आणि ज्यांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक; १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन) १८.५ च्या आसपास आहे त्यांना, तसेच गर्भवतींना, वजनाच्या गुणांतून वगळून चालणे वा व्यायाम यांच्या नियमिततेवर गुण द्यावेत.

चुकलेल्या मोजणीचे काय करायचे, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवावे. सर्वांचे प्रत्यक्ष वजन गटात जाहीर करण्याची गरज नसते. ते एकाच विश्वासू व्यक्तीकडे राहावे आणि इतरांना फक्त टक्केवारी कळावी.