तेजोमेघ रंगवताना या चुका टाळा : आधी तारा, मग रंग

डिजिटल चित्रात तेजोमेघ, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीचा ढग, उभा करणे वरवर फार सोपे वाटते. काळ्या कॅनव्हासवर मऊ ब्रशने जांभळा, निळा आणि गुलाबी रंग पसरवला आणि वर ठिपक्यांच्या ब्रशने तारे शिंपडले की थोड्याच वेळात काहीतरी चमकदार तयार होते. परंतु जरा निरखून पाहिले की तेच चित्र सपाट आणि खोटे दिसू लागते. दोष बहुधा ब्रशचा किंवा सॉफ्टवेअरचा नसतो. वायूच्या त्या ढगाला प्रकाश कोणता तारा देत आहे, हे चित्रकाराने ठरवलेलेच नसते आणि पुढच्या बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

ढग सगळीकडून सारखाच उजळ दिसतो

मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या गाभ्यात ट्रॅपिझियम नावाचा तरुण, अतितप्त ताऱ्यांचा लहानसा समूह आहे. या ताऱ्यांच्या, त्यातही प्रामुख्याने त्यांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या, अतिनील किरणांमुळे भोवतालचा हायड्रोजन चमकतो. म्हणून गाभा सर्वांत उजळ आणि कडेकडे तेज ओसरत गेलेले, अशी त्याची रचना दिसते. रोझेट तेजोमेघात याच्या उलट मधोमध पोकळी आहे, कारण तेथील ताऱ्यांच्या वेगवान वाऱ्यांनी जवळचा वायू बाहेर लोटला आहे. दोन्ही चित्रांत उजेड कोठे आणि पोकळी कोठे, याला कारण आहे.

या बाबतीत सर्वाधिक शिकण्यासारखे चित्र म्हणजे जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १९९५ मध्ये हबल दुर्बिणीतून घेतलेले गरुड तेजोमेघातील स्तंभांचे छायाचित्र. स्तंभांची टोके उजळ आहेत, कारण त्यांना प्रकाश देणारे तारे त्या दिशेला, चौकटीच्या बाहेर आहेत. ताऱ्यांकडे तोंड केलेली कड रेखीव आणि लखलखीत आहे, तेथून वायूचे पातळ पदर निघून जाताना दिसतात आणि स्तंभाचा आतला भाग मात्र गडद राहतो. हौशी चित्रांत नेमके उलटे घडते : स्तंभाला सर्व बाजूंनी सारखीच चमकती किनार दिली जाते आणि तो पिंजलेल्या कापसासारखा दिसू लागतो.

उपाय असा, की रंगाला हात लावण्यापूर्वी एका वेगळ्या लेअरवर (चित्राच्या पारदर्शक थरावर) प्रकाश देणाऱ्या ताऱ्यांच्या जागा खुणेने ठरवाव्यात, मग त्या चौकटीबाहेर असल्या तरी चालतील. त्यानंतर संपूर्ण ढग केवळ करड्या छटांत रंगवावा. ताऱ्याकडील कडांसाठी कठीण ब्रश, विरुद्ध बाजूसाठी मऊ ब्रश, एवढा नियम पाळला तरी निम्मे काम होते. काम आधीच रंगीत झाले असेल, तर सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला लेअर कलर या ब्लेंड मोडमध्ये (खालच्या थरात मिसळण्याच्या पद्धतीत) ठेवावा. चित्र लगेच करड्या छटांत दिसते आणि प्रकाशाची दिशा आहे की नाही, ते कळते.

रंग सुंदर आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत

ताऱ्याच्या किरणांनी उद्दीपित झालेला हायड्रोजन मुख्यत्वे ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो आणि त्यासोबत ४८६ नॅनोमीटरचा निळसर हिरवाही, म्हणून हे भाग शुद्ध लाल न दिसता गुलाबीकडे झुकतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा हिरवट निळा रंग अधिक ऊर्जा मागतो, त्यामुळे तो तप्त ताऱ्याच्या जवळ आढळतो. एम ५७ या कंकणाकृती तेजोमेघात आत हिरवट निळा आणि बाहेर लाल असा क्रम त्यामुळेच दिसतो. कृत्तिकांभोवतीचा निळा रंग मात्र निराळ्या जातीचा आहे : तेथे वायू स्वतः चमकत नसून धूळ ताऱ्यांचा प्रकाश विखुरते आणि निळा प्रकाश अधिक विखुरला जातो. दाट धूळ काळी किंवा तपकिरी दिसते. जांभळा रंग लाल आणि निळ्याच्या संगमावर शोभतो, सरसकट नव्हे.

येथे एक शंका हमखास येते, की हबलच्या चित्रांत तर सोनेरी आणि निळा रंग असतो. त्या प्रसिद्ध रंगसंगतीत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग नेमून दिलेला असतो. तीही पद्धत उत्तम आहे, माझ्या मते नवशिक्यांना तीच अधिक सोयीची. पण एकाच चित्रात अर्धा ढग त्या पद्धतीचा आणि अर्धा नैसर्गिक गुलाबी ठेवला, तर डोळा गोंधळतो. एक पद्धत निवडावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

तारे चिकटवल्यासारखे दिसतात

तयार ब्रशने उमटवलेले तारे साधारण एकाच आकाराचे आणि समान अंतरावर पडतात. आकाशात तेजाची एकेक प्रत (तेजस्वितेची पायरी) खाली उतरताना ताऱ्यांची संख्या ढोबळमानाने तिप्पट होत जाते. त्यामुळे मोजके ठळक, काही मध्यम आणि असंख्य अंधुक तारे तीन निरनिराळ्या लेअरवर काढावेत. रंगात निळसर पांढऱ्यापासून पिवळसर आणि नारिंगीपर्यंत छटा द्याव्यात. हिरवा तारा मात्र काढू नये.

याहून गंभीर चूक म्हणजे काळ्या धुळीच्या पट्ट्यावरही तितकेच तारे पेरणे. बार्नार्ड ६८ हा काळा ढग आपल्याला दिसतो, तोच मुळी त्याने मागचे तारे झाकल्यामुळे. त्याच्या कडेशी जे तारे अजून दिसतात, ते धुळीमुळे लालसर झालेले असतात. ताऱ्यांच्या लेअरला मास्क (थराचा हवा तो भाग झाकणारा मुखवटा) लावून दाट धुळीतील तारे जवळजवळ नाहीसे करावेत आणि कडेच्या ताऱ्यांना तांबूस छटा द्यावी. या एका बदलाने चित्राला जी खोली येते, ती कितीही चमक वाढवून येत नाही.

ताऱ्यांवरील किरणांचे काटे ही ताऱ्याची नव्हे, दुर्बिणीची देणगी आहे. हबलच्या चित्रांत दुय्यम आरशाच्या आधारपट्ट्यांमुळे चार काटे दिसतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत सहा मोठे आणि दोन लहान. एका चित्रात सर्व काट्यांची दिशा एकच असावी, लांबी तेजाच्या प्रमाणात असावी आणि अंधुक ताऱ्यांना ते देऊच नयेत.

उजळ भाग जळतात, गडद भागांत पट्टे पडतात

कलर डॉज आणि ॲड हे ब्लेंड मोड मोहक आहेत, पण त्यांचे दोन-तीन लेअर एकावर एक चढले की गाभा पांढराफटक होतो. लाल रंगात तर हे अधिक लवकर घडते : लाल चॅनल (रंगाचा लाल घटक) २५५ या कमाल मूल्याला टेकला की पुढचे सगळे तपशील पुसले जातात. उजळपणा हवा असेल तेथे लाल अधिक भडक न करता गुलाबी किंवा नारिंगीकडे वळवावा आणि चमकीच्या लेअरची अपारदर्शकता कमी ठेवावी. पार्श्वभूमीलाही शून्य काळा न देता किंचित निळसर किंवा तपकिरी गडद छटा द्यावी, म्हणजे धुळीचे पट्टे तिच्याहून काळे दाखवता येतात.

गडद भागांत समोच्च रेषांसारखे पट्टे दिसत असतील, तर बहुधा फाइल ८ बिटची असते. तिच्यात प्रत्येक चॅनलला फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि काळोखातील मंद उतारासाठी त्यांपैकी मूठभरच उरतात. क्रिता, फोटोशॉप आणि जिंपच्या २.१० पासूनच्या आवृत्त्यांत १६ बिटमध्ये काम करता येते, मात्र तशी सुरुवात पहिल्या रेघेपासून करावी. ८ बिटमध्ये पडलेले पट्टे नंतर १६ बिटमध्ये रूपांतर करून जात नाहीत. जुनी फाइल वाचवायची असेल, तर रूपांतरानंतर पट्ट्यांचा भाग पुन्हा मऊ करून त्यावर अगदी बारीक नॉइज (विखुरलेले कण) द्यावा.

जेपीईजी ८ बिटचीच असते, म्हणून तो नॉइज अंतिम प्रतीतही राहू द्यावा. जतन करताना रंगांचे प्रोफाइल एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगपद्धतीत रूपांतरित करावे, नाहीतर आपल्या पडद्यावर पेटलेला लाल दुसऱ्याच्या फोनवर विटकरी दिसण्याची शक्यता असते. पाठवण्यापूर्वी प्रत साध्या फोनवर, पडद्याचा उजेड निम्मा ठेवून पाहावी. गडद धूळ तेथे दिसेनाशी होत असेल, तर कर्व्ह्ज या उजेड-अंधार बदलणाऱ्या साधनातून फक्त खालचा, म्हणजे गडद छटांचा, भाग थोडा उचलावा आणि गाभ्याला हात लावू नये.