जुन्या कपाटात बिअर्डेड ड्रॅगनचं घर

मेलबर्नच्या हिवाळ्यात बिअर्डेड ड्रॅगनच्या, म्हणजे गळ्याखाली काटेरी दाढी असलेल्या पाळीव सरड्याच्या, काचेच्या टाकीत ऊब टिकेना. म्हणून कपड्यांचं जुनं लाकडी कपाट आडवं केलं आणि 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच एवढं कापून घेतलं. पुढे सरकत्या काचा. मग उलटंच झालं, दोन्ही टोकं सारखीच तापू लागली! थंड ठेवायच्या बाजूला खाली आणि उबेच्या दिव्याच्या बाजूला वर जाळीची भोकं पाडली, तेव्हा कुठे दिव्याखालच्या दगडावर 40 अंश आणि पलीकडे 25 जमलं. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी, नळी आतच लावली. खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही, काच ते किरण अडवते. त्यांच्याविना ड 3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. वार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत स्वारी जुन्या टाकीतच, रागाने दाढी काळी करून.