जुन्या धाटणीचे कामाचे बूट घेताना

आधी बूट उलटा करा. कडेच्या चामडी पट्टीवर, म्हणजे वेल्टवर दिसणारा टाका रबरी तळाच्या खाचेतही दिसायला हवा. वर टाका आणि खाली काहीच नसेल, तर बहुधा ती शोभेची पट्टी असते; तळ नुसता चिकटवलेला. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तापलेल्या डांबरावर डिंक मऊ पडतो आणि चवड्यापाशी बूट ‘आ’ वासतो. शिवलेला तळ झिजला तरी चांगला कारागीर तो उसवून नवा बसवतो. माझ्या मते पैसे मोजावेत ते याचसाठी.

मग चामडं. चवड्यावर अंगठा दाबा: बारीक सुरकुत्या पडून विरल्या तर चांगलं. प्लॅस्टिकसारखा जाड पापुद्रा उचलल्यासारखा वाटला, तर वरचा थर घासून रंग चढवलेला आहे. तो वाकतो तिथेच तडकतो.

टाचेची वाटी चिमटीत दाबून पाहा, ती सहज दबू नये.

माप संध्याकाळीच घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतात. जाड सुती मोजे घालून, दोन्ही पायांत. बोटांपुढे साधारण १ सेंमी जागा हवी. टाच किंचित उचलली तर चालेल, पण चवडा आवळला तर घेऊच नका.